चिन्ह उलटं केलं की झालं

माझ्या मैत्रिणीने माझा केसाने गळा कापला, आणि त्यासाठी तिला उणे-अधिकचं एक चिन्ह पुरलं. हे ऐकून लोक हसतात. माझा नवराही हसला होता. दोन माणसांचं गणित जुळतं तेव्हा काय वाटतं हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांना यात गळा कुठून आला ते कळत नाही, म्हणून मी सुरुवातीपासूनच सांगते.

मी राहते वर्ध्याला आणि शिकवते आर्वीच्या एका कॉलेजात. रोज एसटीने जाणं-येणं. ती राहते पवनारला, माहेर आणि सासर दोन्ही तिथेच, आणि शिकवते वर्ध्यात. म्हणजे मी सकाळी वर्धा सोडायची आणि ती सकाळी वर्ध्यात यायची. नागपूरला एम.एस्सी. करताना आम्ही दोघी एका खोलीत राहत होतो. मी अल्लीपूरची, ती पवनारची, तेव्हा दोघींचं बोलणं मेसमधल्या बाकीच्या मुलींना गावठी वाटायचं आणि आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. टेन्सरचा विषय आम्ही तिथेच पहिल्यांदा शिकलो. मी सेकंडहँड दुकानातून एक पुस्तक आणलं होतं, तिने तिच्या मामाकडून दुसरं. पुढे जे काही झालं ते या दोन पुस्तकांमुळे झालं.

माझे विद्यार्थी खेड्यातले. बारावीपर्यंत मराठीत शिकलेले, मग एकदम इंग्रजी पुस्तकात ढकललेले. त्यांना गणित येतं, पण ते ज्या वाक्यात लिहिलंय ते वाक्य कळत नाही. परिभाषेच्या कोशात टेन्सरला प्रदिश असा शब्द आहे. मी तो एकदा वर्गात वापरून पाहिला. आधी त्यांना टेन्सर म्हणजे काय ते कळत नव्हतं, नंतर प्रदिश म्हणजे काय तेही कळेना. शेवटी मी शेताची गोष्ट सांगितली. एकाने धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, या कोपऱ्यापासून मोजणी सुरू केली, दुसऱ्याने त्या कोपऱ्यापासून तिरपी. दोघांच्या कागदावरचे आकडे वेगळे येणार. शेत मात्र एकच आहे. मग एकाचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांत बदलायचा पक्का नियम पाहिजे. तो नियम पाळणारी जी गोष्ट, ती टेन्सर. मोजणाऱ्याच्या लहरीवर जे अवलंबून नाही ते खरं, असा त्याचा सगळा भर आहे. मागच्या बाकावरचे दोघं-तिघं त्या दिवशी पहिल्यांदा वर बघू लागले.

त्या दिवशीच मी तिला फोन केला की आपण मराठीत पुस्तक लिहू. टेन्सर कसा जन्मला, कसा वाढला, आणि सोबत सोडवलेली उदाहरणं.

"लिहू ना," ती म्हणाली. "पण इतिहास मी लिहीन. तुह्यं लेहनं म्हंजे पंचनामा असते."

ते खरं होतं. म्हणून वाटणी ठरली. इतिहास तिचा, उदाहरणं माझी. पण उदाहरणं दोघींनी सोडवायची, हेही तेव्हाच ठरलं. मराठीत असं पुस्तक आधी माझ्या पाहण्यात नव्हतं. आर्वीच्या मुलाच्या हाती पडलेलं एकुलतं पुस्तक चुकीचं निघालं तर तो दुसऱ्या कशाशी ताडून बघणार? तो स्वतःलाच मूर्ख समजणार. मी त्या वयात स्वतःला तसं समजले होते. म्हणून मला या पुस्तकात एकही चूक नको होती, आणि एकटीच्या हिशेबावर माझा भरवसा नव्हता. एसटीच्या धक्क्यात वर लिहायचा अंक खाली येतो आणि खालचा वर जातो, आणि टेन्सरमध्ये अंक वर आहे की खाली यावर सगळं चालतं.

आता त्या दोन पुस्तकांचं. जागा किती वाकलेली आहे हे सांगणारी राशी, म्हणजे वक्रता, काढायचं सूत्र माझ्या पुस्तकात एका रीतीने होतं आणि तिच्या पुस्तकात नेमकं उलट चिन्हाने. दोन्ही बरोबर. जगभरच्या लेखकांनी आपापल्या सोयीने चिन्ह धरलं आणि कुणीच दुसऱ्याचं ऐकलं नाही. विद्यार्थी यात हमखास गोंधळतात. आम्ही ठरवलं की या भांडणाचाच फायदा करून घ्यायचा. मी माझ्या पुस्तकाच्या रीतीने सोडवायचं, तिने तिच्या. दोघींचं बरोबर असेल तर आकडा तोच येणार आणि चिन्ह उलटं येणार. मला अधिक आलं तर तिला उणे यायला हवं. चिन्ह सारखं आलं की समजायचं, कोणीतरी चुकलं. पुस्तकाच्या शेवटी उत्तरांचे दोन रकाने द्यायचे, पहिली रीत माझी आणि दुसरी तिची. मुलाच्या हातात पुढे कोणतंही इंग्रजी पुस्तक आलं तरी त्याला आपलं उत्तर सापडेल.

प्रस्तावनेत मी एक वाक्य लिहिलं आणि ते मला फार आवडलं होतं. 'या पुस्तकातलं प्रत्येक उदाहरण आम्ही दोघींनी वेगवेगळं सोडवून ताडून पाहिलं आहे.'

दर रविवारी मी पवनारला जायची. तिच्या घरासमोर ओटा होता, तिथून नदीकडे उतरणारी वाट दिसायची. ती कोथिंबीर भरलेली सांबारवडी करून ठेवायची आणि तिच्या सासूबाई ती आमच्यासमोर ठेवून, या पोरी काय अधिक-उणे करत बसतात म्हणून देवाचं नाव घेत आत जायच्या. मी माझं उत्तर वाचायची. ती मांडीवरच्या पॅडकडे बघायची, पेन्सिलने काहीतरी टिपायची आणि म्हणायची, "माह्यं उने. जुळलं."

जुळलं हा शब्द ऐकून मला जे वाटायचं ते मी नवऱ्याला कधी समजावू शकले नाही. आठवडाभर पाच-सहा पानं भरून काढलेली गोष्ट, आणि दहा किलोमीटरवर दुसऱ्या एका बाईने चूल-मूल आवरून, दुसऱ्या पुस्तकावरून तीच गोष्ट काढलेली. मला भरून यायचं. मी तिच्या पॅडकडे कधी वाकून पाहिलं नाही. दुसऱ्याच्या ताटात काय आहे ते बघू नये, तसंच ते.

मग ती इतिहास वाचायची. आणि काय वाचायची. जर्मनीतला तो थोर गणिती, जो उन्हातान्हात डोंगरमाथ्यांवरून जमिनीची मोजणी करत हिंडला, आणि ज्याने सिद्ध केलं की पृष्ठभाग किती वाकलाय हे कळायला त्याच्या बाहेर जावं लागत नाही, त्याच्यावर राहूनच मोजता येतं. त्याचा लाजाळू, आजारी विद्यार्थी, ज्याने नोकरीसाठीच्या व्याख्यानाला तीन विषय दिले आणि म्हाताऱ्याने नेमका तिसरा, कमी तयारीचा निवडला. त्या व्याख्यानात त्याने कितीही मितींची जागा मनात उभी केली. मग इटलीतला तो प्राध्यापक, ज्याने वर्षानुवर्षं बसून या सगळ्याचं एक कलनशास्त्र रचलं, आणि त्याच्याच देशातल्या मोठ्या माणसांनी बक्षीस द्यायच्या वेळी हात आखडता घेतला. त्याचा विद्यार्थी त्याच्यासोबत उभा राहिला आणि दोघांच्या नावाने मोठा निबंध निघाला. हे तिने असं लिहिलं होतं की ते दोघं वर्ध्याच्या स्टँडवर चहा पीत बसलेत असं वाटावं.

सगळ्यात सुंदर तिने तो पत्रांचा भाग लिहिला. एक भौतिकशास्त्रज्ञ, ज्याला गुरुत्वाकर्षणासाठी हेच गणित लागत होतं. त्याने आधी आपल्या जुन्या वर्गमित्राला गाठलं, त्या मित्राने ग्रंथालय धुंडाळून इटलीतल्या त्या दोघांचं काम शोधून दिलं. पुढे त्या इटालियन विद्यार्थ्याने त्याला पत्रं लिहून त्याच्या एका सिद्धतेतली चूक दाखवली. पत्रांवर पत्रं गेली. चूक दाखवली म्हणून तो चिडला नाही, उलट एवढ्या बारकाईने वाचणारा कोणी भेटला याचंच त्याला अप्रूप वाटलं. हे वाचताना तिचा आवाज ओला झाला होता. मी म्हटलं होतं, आपण दोघी तशाच. ती हसून "हौ" म्हणाली होती. ते हौ आता आठवलं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

पुस्तक निघालं. लहानशा प्रकाशकाने काढलं, पण खपलं. आर्वीतल्या मुलांनी घेतलं, नागपूरहून मागणी आली. दुसरी आवृत्ती काढायचं ठरलं तेव्हा यवतमाळकडच्या एका शिक्षकांचा फोन आला. फार अदबीने बोलले. पुस्तक छान आहे म्हणाले, फक्त शेवटच्या धड्यातल्या शेवटच्या उदाहरणाच्या उत्तरांचे रकाने अदलाबदल झालेत, छपाईची चूक असावी.

मलाही छपाईचीच वाटली. चार मितींचं उदाहरण होतं ते, तिथे डोळ्याने काही दिसत नाही, चित्र काढून खात्री करता येत नाही. मी माझं जुनं सेकंडहँड पुस्तक काढलं आणि पुन्हा सोडवलं. पहिल्या रकान्यात अधिक छापलं होतं, मला उणे आलं. पुन्हा केलं, उणेच. चूक छापखान्याची नव्हती, माझी होती. थोडा वेळ लागला, पण कशी झाली ते आठवलं. त्या आठवड्यात माझ्या पुस्तकाची शिवण सुटली म्हणून मी ते बाइंडरकडे दिलं होतं आणि आदल्या रविवारी तिचं पुस्तक मागून आणलं होतं. सूत्र तिच्या पुस्तकातून उचललं आणि सवयीने उत्तर पहिल्या रकान्यात, माझं म्हणून लिहिलं. मी स्वतःशीच हसले. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, आणि ही शहाणी गाय आपलाच गोठा विसरली होती.

मग चहा टाकला. आणि चहा उकळत असताना ते माझ्या ध्यानात आलं.

मी जर त्या वेळी तिच्या रीतीने सोडवलं होतं, आणि तिनेही तिच्याच रीतीने, तर दोघींचं चिन्ह सारखं यायला हवं होतं. मी अधिक वाचलं तेव्हा तिने "माह्यंही अधिक" म्हणायला हवं होतं. आम्ही दोघींनी दचकायला हवं होतं, डोकं खाजवायला हवं होतं, आणि पाच मिनिटांत माझी चूक सापडायला हवी होती. पण ती म्हणाली होती, "माह्यं उने. जुळलं."

ते जुळायलाच नको होतं.

मी गॅस बंद केला. मी स्वतःला समजावून पाहिलं. तिला सूत्र तोंडपाठ असेल. असेलही, पण तोंडपाठ सूत्राने तिचंच चिन्ह आलं असतं ना. तिने घाईत चूक केली असेल, आणि नेमकी माझ्या चुकीच्या उलटी. असं म्हणायला मी इतकी भोळी नाही. मग मला आठवलं, पुस्तक मागितलं तेव्हा ती लगेच देऊन म्हणाली होती, "घेऊन जाजो. मले काय लागते त्याचं." तेव्हा मला तिचं कौतुक वाटलं होतं की बाईला सगळं मुखोद्गत आहे.

मी तशीच ऑटोत बसून पवनारला गेले. रविवार नव्हता. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मला बघून खूश झाली, पाट सरकवला. मी उभीच राहिले.

"शेवटच्या धड्यातलं शेवटचं उदाहरण तू सोडवलं होतं का?" मी विचारलं.

"काऊन? चुकलं का?"

"सोडवलं होतं का?"

तिने सूप खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं की मला कळलंय. "नाई," ती म्हणाली.

"आणि बाकीची?"

"पयले दोन धडे केलते ना. सारं जुळत जाय. मंग मनात आलं, तुह्यं त कधी चुकतच नाई. तेच पुन्हा मी कायले करू? चिन्ह उलटं केलं की झालं."

"आणि पॅडवर काय लिहीत होती?"

"इतिहासाचे मुद्दे. तू वाचत राहे, मले पुढचं सुचत राहे." हे तिने लपवलं नाही, उलट जरा कौतुकाने सांगितलं.

मला रडू आलं आणि रडू आल्याचा राग आला. मी म्हटलं, मला सांगायचं तरी होतंस, मी दुसरं कोणी शोधलं असतं. ती म्हणाली, "तुले वाईट वाटलं असतं. रविवारी किती आनंदानं येत होती तू." मग तिने माझा हात धरला आणि तिला वाटलं की आता ती सगळं मिटवणारी गोष्ट सांगते आहे. "माह्या तुह्यावर लय विश्वास होता. म्हून नाई केलं."

विश्वास. सगळ्या शब्दांतून तिने तो निवडला. माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही, एवढंच तर तिचं काम होतं. माझ्यावर विश्वास ठेवणारी माणसं मला घरात पुष्कळ आहेत. नवरा ठेवतो, त्याला टेन्सर म्हणजे काय ठाऊक नाही. मला एक माणूस असं हवं होतं जे दर रविवारी माझ्याकडे संशयाने बघेल, आणि ते मला मिळालंय अशा समजुतीत मी होते. मी हात सोडवून घेतला आणि नदीकडच्या रस्त्याने चालत स्टॉपवर आले. तिने मागून हाक मारली, मी वळले नाही.

त्यानंतरचा सगळा हिवाळा मी पुस्तकातलं प्रत्येक उदाहरण पुन्हा सोडवलं. या वेळी तिच्या रीतीने. तिचं पुस्तक मी तिच्याकडून मागितलं नाही, नागपूरहून दुसरं मागवलं. आर्वीच्या एसटीत मांडीवर वही घेऊन, वरचा अंक वर आणि खालचा खाली ठेवत. कंडक्टर ओळखीचा, तो म्हणायचा, मॅडम परीक्षा कोनाची हाय, तुमची का पोराइची? घरी भाजी करपली, नवऱ्याने काही म्हटलं नाही. प्रत्येक उदाहरण सुरू करताना मला वाटायचं की आता चूक सापडणार, आणि खरं सांगायचं तर मला ती हवी होती. एखादी मोठी, लाज वाटावी अशी चूक. म्हणजे ती माझ्याशी कशी वागली याचा पुरावा तिच्यापुढे नेऊन ठेवता आला असता.

एकही सापडली नाही. ते एक शेवटचं सोडून सगळी उत्तरं बरोबर निघाली. ज्या मुलांनी पुस्तक घेतलंय त्यांचं नुकसान झालेलं नाही, याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी एवढंच समजले की ओट्यावर सांबारवडी खात मी इतके रविवार एकटीच बसले होते, आणि मला ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं आली तेव्हा ती माझ्या घरी आली. इतिहास तिचाच होता, तो कुणाचा बापही तिच्याइतका चांगला लिहू शकला नसता, म्हणून मुखपृष्ठावर तिचं नाव राहणार होतं. मी तेवढी अप्पलपोटी नाही. तिने येताना बोरं आणली होती. आधी किती चुका निघाल्या ते विचारलं. मी म्हटलं, एकही नाही.

"पाय बरं," ती म्हणाली, आणि तिला खरोखर बरं वाटलं, ते नाटक नव्हतं. "मी म्हटलंच होतं. उगाच हिवाळाभर जीव आटवला."

ती तिचे धडे भराभर चाळत गेली, एका ठिकाणी काना-मात्रा सुधारला. मग शेवटी प्रस्तावना घेतली. दोघींनी ताडून पाहिल्याचं वाक्य मी काढून टाकलं होतं. त्या जागी लिहिलं होतं, 'या पुस्तकातली उदाहरणं एकीनेच सोडवली आहेत. वाचकांनी ती स्वतः करून तपासावीत.'

ती थांबली. पान उजेडाकडे धरलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, एकेका शब्दाखाली पेन्सिल फिरवत.

"हे चुकलं," ती म्हणाली. "आता दोन रीतीनं दोनदा झालं ना सारं? मंग पयलंच वाक्य बरोबर होतं. हे असं वाईट दिसते. बदल."

मी तिच्या हातातून पान घेतलं आणि बाकीच्या प्रुफांवर ठेवलं. इतक्या वर्षांत माझं लिहिलेलं तिने मन लावून तपासलं ते हे एकच वाक्य.